५४ आणि ६०: जुन्या रोड फ्रेमसाठी लाँग-रीच ब्रेक

५ ऑक्टोबर

फ्रेम पोलादी, लग (नळ्यांच्या सांध्यांवरच्या बाह्या) लावून जोडलेली, गिअरचे दांडे खालच्या तिरप्या नळीवर. नळ्या सरळ, गंज वरवरचा, रंगाला हात लावायची गरज नाही. चाकं २७ इंची, रिम क्रोमच्या. ब्रेक मधल्या एकाच बोल्टवर फिरणारे साइडपुल, म्हणजे केबल एका बाजूने ओढणारे. त्यांचे हात इतके लवचिक की लिव्हर हँडलला टेकली तरी रिमवर जोर पोचत नाही. दाब सगळा हात वाकवण्यातच खर्च होतो. त्यात ओल्या क्रोमवर रबराची पकड जवळपास नाहीशी होते, म्हणजे निम्मा दोष रिमचाही आहे.

ठरवलेलं काम: ७००सी चाकं, अॅल्युमिनियमच्या रिम, ३२ मिमी रुंदीचा टायर जमला तर तो, नाहीतर २८, वर मडगार्ड. ब्रेक दोन पिव्हटांचे, म्हणजे दोन हात दोन वेगळ्या बिंदूंवर फिरणारे.

२७ इंची रिममध्ये टायरची कड बसते तिथला व्यास ६३० मिमी. ७००सी मध्ये ६२२. फरक ८ चा, त्रिज्येत ४ चा. म्हणजे नवं चाक लावलं की ब्रेकचं रबर आत्ता आहे त्यापेक्षा ४ मिमी खाली टेकलं पाहिजे. या ४ मिमीपायीच सगळी ब्रेकनिवड.

२७ इंचीच ठेवावं का, हा विचार केला. अॅल्युमिनियममध्ये त्या मापाच्या रिम मिळतात. पण टायर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पुढे कमीच होत जाणार. रिम बदलायच्याच आहेत तर माप बदलून मोकळं होणं बरं.

७ ऑक्टोबर

माप घेतलं. रीच म्हणजे ब्रेकच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या घासपट्टीच्या (ब्रेकचं रबर टेकतं त्या पट्ट्याच्या) मध्यापर्यंतचं अंतर. ऐकायला सोपं आहे, पण मोजताना लोक सर्रास जुन्या ब्रेकच्या हातावरची, रबर वर-खाली सरकवायची खाच मोजतात. ती खाच जुन्या ब्रेकबद्दल सांगते, फ्रेमबद्दल काहीच नाही. ब्रेक काढून टाकायचा, चाक नीट आतपर्यंत बसवून आवळायचं, भोकात ६ मिमीचा लांब बोल्ट सरकवायचा, त्याला चिकटून पोलादी फूटपट्टी चाकाच्या पातळीत खाली सोडायची. फूटपट्टी पुढून बघताना तिरकी होत नाही ना, याची खात्री. रिमच्या दोन्ही बाजूंना मोजायचं. डावी-उजवीत फरक आला तर चाक वाकडं बसलंय किंवा फोर्कला कधीतरी मार लागलाय.

पुढे: ५० मिमी, दोन्ही बाजूंना सारखं. मागे: ५६.

७००सी चा हिशेब मांडला तर पुढे ५४, मागे ६०.

८ ऑक्टोबर

मागच्या आकड्यावर रात्री शंका आली. मागचा एक्सल बसतो ती खाच आडवी आहे, पुढच्या बाजूला उघडी. एक्सल तिच्यात पुढे-मागे सरकतो, आणि त्याच्याबरोबर रिमही. आजच्या उभ्या खाचेच्या फ्रेमवर हा प्रश्नच येत नाही.

ही खाच मागच्या तिरप्या काड्यांना अगदी काटकोनात असती, तर एक्सल सरकवूनही ब्रेकचं अंतर बदललं नसतं. ती काटकोनात नाही, जरा उताराची आहे एवढंच. म्हणून एक्सल पुढे नेला की रिम पुलाच्या (तिरप्या काड्यांना जोडणाऱ्या, मागचा ब्रेक लागतो त्या आडव्या नळीच्या) जवळ येते, मागे नेला की लांब जाते. तपासलं: खाचेच्या मध्यावर ५६, अगदी पुढे ५४, अगदी मागे ५८. दोन टोकांत ४ मिमी. काल मोजताना एक्सल मध्यावर होता, म्हणजे आकडा बरोबर, पण अर्थ अर्धाच. ७००सी ला मागे ५८ ते ६२ असं धरायचं आणि एक्सल कुठे राहणार ते आधी ठरवायचं.

अगदी पुढे ठेवता येणार नाही. टायर सीटच्या नळीला आणि खालच्या काड्यांमधल्या आडव्या पुलाला जवळ जातो. मडगार्ड शिरायला जागा उरत नाही. मध्यच बरा. साखळीची लांबीही त्याच हिशेबाने कापायची.

१४ ऑक्टोबर

ओळखीतून ७००सी चाकांची जोडी दोन दिवसांसाठी मिळाली. कागदावरचा हिशेब आणि लोखंड जुळतं का ते बघितलं. पुढे ५४. मागे मध्यावर ६० ला केसभर कमी. रिमची घासपट्टी जुन्या रिमपेक्षा थोडी उंच असल्याने मध्य किंचित हलला असणार. ५४ आणि ६० हेच धरून चालतो.

१६ ऑक्टोबर

आता बाजारात काय आहे ते. पाकिटावरच्या «लाँग रीच» या शब्दांवर विसंबून काही घेऊ नये. रेसिंगच्या सायकलींच्या रिम-ब्रेकचे कॅलिपर (रिमला दोन्हीकडून धरणारे चिमटे) आज ३९ ते ४९ मिमीच्या आसपास असतात, म्हणून ४७ ते ५७ वाल्याला लाँग रीच म्हणतात. ही फ्रेम बनली त्या काळात हाच साधा, नेहमीचा रीच होता. त्याहून मोठा ५५ ते ७३ वाला, आणि त्यालाही लाँगच म्हणतात. दोघांवर नाव एक, हातांच्या लांबीत मोठा फरक. आकडे छापलेले नसतील तर ते पाकीट बाजूला ठेवलेलं बरं.

४७ ते ५७ मध्ये शिमानोचे बीआर-आर४५१ आणि बीआर-आर६५०, टेक्ट्रोचा आर५३९. ५५ ते ७३ मध्ये टेक्ट्रो आर५५९, तोही दोन पिव्हटांचा.

माझा ५४ पहिल्या गटात व्यवस्थित बसतो. दुसऱ्या गटात तो १ मिमीने बाहेर: रबर खाचेच्या वरच्या टोकाला नेलं तरी ५५ वर, म्हणजे घासपट्टीच्या मध्याखाली. माझा ६० पहिल्या गटाला पोचत नाही, एक्सल अगदी पुढे ओढूनही ५८ च येतो. दुसऱ्या गटात मात्र तो आरामात.

थोडक्यात, एकाच जातीची जोडी या फ्रेमला बसत नाही. २७ इंची ठेवलं असतं तर ५० आणि ५६, दोन्ही पहिल्या गटात. तो मोह पुन्हा एकदा येऊन गेला.

१९ ऑक्टोबर

सर्वांत मोठा घ्यावा, कुठेही बसेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. ते का चुकीचं, हे आकड्यांत मांडून ठेवतो.

एकाच मधल्या पिव्हटवर फिरणाऱ्या ब्रेकमध्ये पिव्हटच्या वरचा हात केबल ओढते आणि खालचा हात रबर दाबतो. वरची लांबी ठरलेली असते. रबर खाचेत जितकं खाली सरकवाल तितका खालचा हात लांब होतो आणि तितकी ताकद घटते. ४७ वर जी ताकद मिळते, ५७ वर तिची ८२ टक्के. ५५ ते ७३ वाल्यात वरच्या टोकाच्या मानाने खालच्या टोकाला ७५ टक्के. दोन पिव्हटांच्या ब्रेकमध्ये एक हात बाजूच्या पिव्हटवर फिरतो, म्हणून गणित हुबेहूब हे नाही, पण दिशा हीच.

शिवाय लांब हात वाकतो जास्त. ब्रेक दाबताना हात बाहेरच्या बाजूला फाकतात आणि रिमच्या फिरण्याबरोबर पुढेही ओढले जातात. बनवणारे हात जाड करून त्याची भरपाई करतात, पण रबर खाचेच्या तळाशी असेल तर ती भरपाई पुरत नाही.

म्हणून मी धरलेला नियम: आपला आकडा ज्या ब्रेकच्या खाचेच्या वरच्या अर्ध्यात पडतो तो पहिल्या पसंतीचा, तो मिळत नसेल तर मध्याच्या थोडं खाली चालेल, तळाशी नको. मागचा ६० हा ५५-७३ मध्ये वरून ५ मिमीवर, ९० टक्क्यांहून जास्त ताकद शिल्लक. पुढचा ५४ हा ४७-५७ मध्ये वरून ७ वर, मध्याच्या किंचित खाली. तिथे ८७ टक्के. चालेल.

जोडी वेगवेगळी दिसेल, याचं थोडं वाईट वाटतं. पण जोरात थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि खरं काम पुढचा ब्रेकच करतो. आखूड, ताठ कॅलिपर पुढे आणि लांब हातांचा मागे, ही विभागणी मुद्दाम करायची म्हटलं तरी हीच केली असती.

२३ ऑक्टोबर

बाकीचे मार्ग नोंदवून बाजूला सारतो.

ड्रॉप बोल्ट: भोकात बसणारी खाली लोंबती पट्टी, तिला आखूड ब्रेक लावायचा. बोल्टच्या खाली आणखी एक तरफ जोडल्यासारखं होतं. ब्रेक लागला की सगळी पट्टीच पिळवटायला बघते. मागच्या चाकाला कोणी वापरलं तर गप्प बसेन, पुढच्या चाकाला कधीच नाही.

खाच कानसने १ मिमी वाढवणे: एक्सल पुढे ओढून मागे ५८ करायचं आणि ४७-५७ वाल्याची खाच घासून ५८ ला पोचवायची. खाचेच्या तळाशी धातूची जेमतेम कड असते आणि सगळा ताण तिथेच. ब्रेकच्या हाताला कानस लावायची नाही.

सेंटरपुल, म्हणजे केबल मधून वर ओढणारा ब्रेक: हा मात्र खरा पर्याय. त्याचे पिव्हट बाजूंना आणि खाली असतात, म्हणून हात आखूड आणि ताठ राहतात. मोठ्या रीचला तो साइडपुलपेक्षा स्वभावतःच सोयीचा. डाया-कॉम्पे अजून ६१० आणि ७५० बनवते, पॉल या कंपनीचा रेसरही आहे. पण केबलचं बाहेरचं कवच अडवायला पुढे हेडसेटमध्ये (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या संचात) आणि मागे सीटच्या बोल्टला टेकण्या बसवाव्या लागतात. मूळ फ्रेमवर त्यातलं काहीच नाही, आणि हेडसेटला जादा आटे शिल्लक नाहीत. हेडसेट बदलायचं नाही, असं आधीच ठरवलेलं. नाहीतर इथेच थांबलो असतो.

२ नोव्हेंबर

मागवले. पुढे आर५३९, मागे आर५५९. मागचा जुन्या पद्धतीच्या नट-बोल्टचा.

१५ नोव्हेंबर

बोल्टचा विषय, म्हणून हा दिवस लांबला.

जुन्या फ्रेमवर ब्रेकचा ६ मिमीचा बोल्ट आरपार जातो आणि पलीकडे साधा नट बसतो. नव्या पद्धतीत बोल्ट आखूड असतो आणि पलीकडून नळीसारखा ॲलन नट भोकाच्या आत शिरतो. त्या नटाला ८ मिमीचं भोक लागतं. पुढचा आर५३९ या नव्या पद्धतीचा आहे.

मागे भोक मोठं करायचं तर मागच्या पुलाच्या पुढच्या तोंडाला ड्रिल लावावं लागतं, आणि त्याच्यासमोर सीटची नळी उभी. ड्रिल सरळ धरताच येत नाही. तिरकं भोक पाडून पूल खराब करण्यात अर्थ नाही. म्हणूनच मागे नट-बोल्टवाला घेतला.

पुढचं सोपं. फोर्क काढून घेतला. क्राउनच्या (फोर्कच्या दोन पायांच्या वरच्या जोडाच्या) फक्त मागच्या भिंतीचं भोक ८ करायचं. पुढची भिंत ६ चीच राहिली पाहिजे, ब्रेकचा बोल्ट तिच्यावरच टेकतो. शिकंज्यात लाकडाचे तुकडे लावून फोर्क धरला आणि एकदम ८ चा बिट न घालता ६.५, ७, ७.५, ८ असा वाढवत नेला. एकदम मोठा बिट घातला तर तो जुन्या भोकाच्या कडेत अडकतो आणि फोर्कच फिरवतो. खोली आधी बिटवर चिकटपट्टी लावून ठरवलेली. आतला कीस झटकून तेलाचा हात फिरवला, उघड्या धातूवर गंज लवकर धरतो.

नटाची लांबी निवडताना मडगार्डची पट्टी विसरायची नाही. ती क्राउन आणि नटाच्या डोक्यामध्ये येते आणि तेवढी लांबी खाते. एम६ चे आटे १ मिमीला एक, म्हणजे बोल्टच्या व्यासाइतकी पकड, ६ फेरे, ही किमान मर्यादा. मला ८ तरी हवेत. पाकिटातल्या नटाने मडगार्डशिवाय ८ मिळाले, मडगार्डसह मिळेनात. लांब नट वेगळा मागवला.

२२ नोव्हेंबर

नट आला. दोन्ही कॅलिपर चढवले.

मागचा पूल गोल नळीचा आहे. ब्रेकचं सपाट तोंड तिच्यावर टेकवलं तर एका रेषेतच टेकतं आणि आवळलं तरी हळूहळू फिरतं. दोन्ही बाजूंना आतून खोलगट असलेले वॉशर घातले. जुन्या ब्रेकचेच जपून ठेवले होते. बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर.

टायरच्या जागेचा हिशेब: ७००सी रिमवर घासपट्टीचा मध्य साधारण टायरच्या कडेच्याच पातळीला येतो, आणि टायरची उंची त्याच्या रुंदीइतकी धरली तर ३२ च्या टायरचा माथा त्या मध्यापासून ३२ वर. पुढचा रीच ५४, उरले २२. बोल्टच्या मध्याखाली कॅलिपरचं अंग १२ मिमी भरलं. हातात १० मिमी. मडगार्ड आणि त्याच्याखालची हवा त्यातच. खडा अडकला तर टायर आणि मडगार्डमधून तो निघून जायला हवा. १० मध्ये ते जमत नाही. २८ ला १४ मिळतात. मागे ६० असल्याने तिथे आणखी ६ मिमी जास्त, पण पुढच्याने ठरवलं ते ठरलं. २८ चे टायर, मडगार्डसह. मडगार्ड नको असतं तर ३२ बसले असते.

२९ नोव्हेंबर

लिव्हर. मूळच्या लिव्हरमध्ये स्प्रिंग नाही, केबल वरून बाहेर येते. जुन्या ब्रेकना स्वतःची जबर स्प्रिंग असे, म्हणून चालून जाई. शिमानोने एसएलआर पद्धत आणली तेव्हा परतीचा थोडा भार लिव्हरमधल्या स्प्रिंगवर टाकला आणि कॅलिपरची स्प्रिंग हलकी केली; दाबायला हलकं लागतं ते त्यामुळेच. तेव्हापासूनच्या दोन पिव्हटांच्या ब्रेकना स्प्रिंगवाली लिव्हर शोभते. जुनी लावून बघितली: ब्रेक सुटतो, पण आळसावल्यासारखा. स्प्रिंगवाली, केबल टेपखालून नेणारी साधी लिव्हर लावली.

गिअर खालच्या नळीवर असल्याने इथे निवड मोकळी होती. गिअर-ब्रेक एकत्र असलेल्या लिव्हर लावणाऱ्याने मात्र बघून घ्यावं: शिमानोच्या ड्युरा-एस ७९०० पासूनच्या लिव्हर केबल जास्त ओढतात. त्या आर५३९ सारख्या जुन्या हिशेबाच्या कॅलिपरला लावल्या तर रबर पटकन टेकतं, पण दाब कमी पडतो.

केबलचं कवच ब्रेकचंच, गुंडाळलेल्या तारेचं. गिअरच्या कवचात तारा उभ्या असतात. ब्रेकच्या ताणाखाली ते फाटू शकतं. उरलेला तुकडा दिसला म्हणून कोणी वापरू नये.

६ डिसेंबर

रबरं. कॅलिपरबरोबर आलेली कडक वाटली, काढून कूल स्टॉपची तांबूस-गुलाबी लावली. ओल्या रिमवर त्यांची ख्याती आहे. रबर सरकवून बसवायच्या पात्याचं उघडं टोक मागे आलं पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबल्यावर रिम रबर बाहेर खेचून नेईल. मागचा कॅलिपर काड्यांच्या मागे उलट्या तोंडाने बसतो, त्यामुळे डावं-उजवं इथे सहज चुकतं. चाक फिरतं ती दिशा बोटाने दाखवून मगच बोल्ट आवळावा. ५ ते ७ न्यूटन-मीटर.

उंची लावताना दोन्ही रबरं एकाच रेषेत ठेवत नाही. मधल्या पिव्हटवरच्या हाताचं रबर झिजत जाईल तसं खाली उतरतं, बाजूच्या पिव्हटवरच्या हाताचं वर चढत जातं, टायरकडे. म्हणून पहिलं घासपट्टीत किंचित वर, दुसरं किंचित खाली. टायरला रबर घासलं तर टायरची बाजू कापली जाते, आणि ते फुटेपर्यंत कळत नाही.

रबराची पुढची कड आधी टेकावी म्हणून मागच्या कडेखाली जाड कागदाची घडी घालून आवळलं. पुढे लगेच जमलं. मागे लांब हात दाबाखाली थोडा पिळतो, म्हणून तिथे घडी जास्त घ्यावी लागली.

चाकं आधीच आऱ्यांवर सरळ करून घेतली होती. दोन पिव्हटांचा ब्रेक डुलणाऱ्या रिममागे डुलत नाही. जुना साइडपुल डुलायचा, म्हणून त्याच्यावर वाकडी चाकंही खपून जायची.

७ डिसेंबर

चालवण्याआधी सायकल जागेवर उभी करून पुढचा ब्रेक दाबला आणि पुढे-मागे ढकलली. टकटक नाही. लिव्हर पूर्ण ताकदीने दाबली, काही क्षण धरली. केबल आवळण्याच्या बोल्टखाली सरकली नाही. तो बोल्ट ६ ते ८. मग चालण्याच्या वेगाने, मग उतारावर.

पुढचा ब्रेक दोन बोटांत थांबवतो. दाबाचा कठीण बिंदू कुठे आहे ते हाताला स्पष्ट कळतं. जुन्यात तो नव्हताच. मागचा त्याच्यापेक्षा मऊ. काही मऊपणा लांब हातांचा, बराचसा मागे जाणाऱ्या लांब केबलचा. मागचं चाक घसरवण्याइतकी ताकद आहे, त्याच्या पलीकडे मागच्या ब्रेककडून काही मागायचं नाही.

२१ डिसेंबर

केबल ताणली गेली, अपेक्षेप्रमाणे. पुढे कॅलिपरवरच्या बॅरलने (केबल ताणायच्या फिरकीने) भागलं, मागे बोल्ट सोडून नव्याने ओढली. मागचा कॅलिपर एका बाजूला किंचित सरकलेला दिसला; लहान स्क्रूने मध्यावर आणला आणि पुलावरचा नट पुन्हा ९ न्यूटन-मीटरला बघितला. ढिला नव्हता.

मडगार्ड लागले. पुढे टायर आणि मडगार्डमध्ये करंगळी जाते. रबर झिजून बाजूच्या हाताचं टोक टायरकडे किती चढतंय ते पुढच्या वेळी चाक काढताना बघायचं, आणि मागचा टायर बदलताना कॅलिपरचा छोटा खटका उघडल्यावर २८ चा टायर हवा न काढता निघतो का, तेही.